दुव्याची पत

मराठीत ‘दुवा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दोन वस्तूंना सांधणारा तो एक दुवा, आणि अरबीतून आपल्याकडे आलेला, आशीर्वाद किंवा सदिच्छा या अर्थाचा तो दुसरा. आंतरजालावरील ‘लिंक’साठी मराठीत लिहिणाऱ्यांनी हा शब्द रूढ केला तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच पहिला अर्थ होता. परंतु शोधयंत्रे कोणत्या तत्त्वावर चालतात हे पाहिले, तर दुसरा अर्थही तितकाच लागू पडतो असे म्हणावे लागते. एका संकेतस्थळाने दुसऱ्याला दिलेला दुवा हा वाचकासाठी रस्ता असतो आणि यंत्रासाठी शिफारस असते. ज्या पानाला अशा शिफारशी पुष्कळ, आणि त्याही वजनदार ठिकाणांहून मिळतात, ते पान शोधाच्या निकालात वर चढते. ज्याला कोणीच दुवा देत नाही, त्यातील लेखन कितीही कसदार असले तरी ते तळाशी पडून राहण्याचा संभव मोठा असतो.

हा विषय तंत्रज्ञांचा आणि जाहिरातदारांचा, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असे काही वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. दुवा देणे ही मुळात विद्याव्यवहारातली कृती आहे. ती बाजाराच्या हाती गेली, आणि तशी ती जाण्याचे एक कारण असे की ज्यांनी ती करायला हवी होती त्यांनी ती मनावर घेतली नाही. मराठीला याची किंमत मोजावी लागत आहे, असे आम्हांस वाटते.

आधी थोडा इतिहास. १९९५ साली सुरू झालेले अल्टाव्हिस्टा आणि त्या काळची इतर शोधयंत्रे प्रामुख्याने पानावरचे शब्द पाहत असत. शोधलेला शब्द पानात किती वेळा आला, शीर्षकात आला की नाही, यावर पानाचा क्रम ठरे. म्हणजे पान स्वतःविषयी जे सांगेल ते ग्राह्य धरले जाई. साहजिकच पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याची युक्ती निघाली. माणसाला ती अक्षरे दिसत नसत, यंत्राला मात्र दिसत. आत्मस्तुती हाच जिथे पुरावा, तिथे जो अधिक निर्लज्ज तो पुढे, हे ओघानेच आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एक गमतीदार नोंद आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार प्रमुख व्यापारी शोधयंत्रांपैकी फक्त एकच असे होते, की त्याचे नाव त्याच्यातच शोधले असता पहिल्या दहा निकालांत त्याचे स्वतःचे पान सापडत असे.

या दोघांनी १९९६ पासून जे यंत्र घडवायला घेतले त्याचे पहिले नाव ‘बॅकरब’ असे होते, आणि पुढे तेच ‘गूगल’ झाले. पान स्वतःविषयी काय बोलते यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे बोट दाखवतात की नाही, हे पाहावे, ही त्यांची मूळ कल्पना. मात्र केवळ डोकी मोजून त्यांनी भागवले नाही. कोण बोट दाखवतो यालाही त्यांनी महत्त्व दिले. एखाद्या पानाचे वजन त्याला दुवा देणाऱ्या पानांच्या वजनावर अवलंबून, आणि त्या पानांचे वजन त्यांना दुवा देणाऱ्यांच्या वजनावर. हे प्रथमदर्शनी चक्राकार वाटते. पण सर्व पानांना आरंभी सारखे वजन देऊन आकडेमोड पुन्हा पुन्हा करीत गेले की आकडे हळूहळू स्थिरावतात. या पद्धतीस ‘पेजरँक’ म्हणतात. निबंध लिहिला गेला तेव्हा त्यांच्याकडे किमान २ कोटी ४० लाख पानांचा संग्रह होता.

या गणितातला एक बारकावा आमच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. पानाकडे जे वजन आहे ते त्याने दिलेल्या दुव्यांत वाटले जाते. स्थूलमानाने सांगायचे तर, १०० वजनाच्या पानाने दोघांनाच दुवे दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४२.५ येतात, पन्नास जणांना दिले तर प्रत्येकी १.७. (उरलेले १५ टक्के अशासाठी बाजूला ठेवले जातात, की वाचक दरवेळी दुव्यामागून जातोच असे नाही, कधी तो कंटाळून भलत्याच पानावर उडी घेतो, हे गृहीत धरलेले आहे.) म्हणजे जो ऊठसूट सर्वांची शिफारस करतो त्याच्या शिफारशीला किंमत नाही, हे आपल्या व्यवहारातले शहाणपण येथे गणितात उतरले आहे. प्रत्येक पुस्तकाला ‘अनन्यसाधारण’ म्हणणाऱ्या प्रस्तावनाकाराचे आपण जे करतो, तेच यंत्र करते.

ही कल्पना संगणकवाल्यांना आकाशातून मिळालेली नव्हती. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ या नावाने कोणत्या न्यायनिर्णयाचा पुढे कोणत्या निर्णयात आधार घेतला गेला याची सूची निघत असे, वकिलांना ती अत्यावश्यक होती. तिच्यापासून प्रेरणा घेऊन युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानातील निबंधांसाठी तशाच सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. १९७६ साली गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नॅरिन यांनी पुढचे पाऊल टाकले. वजनदार नियतकालिकाने घेतलेला संदर्भ अधिक वजनाचा धरावा, हे त्यांनी गणिताने दाखवले. पेज आणि ब्रिन यांनीही आपल्या निबंधात विद्वानांच्या संदर्भ देण्याच्या रीतीचा आधार स्पष्टपणे सांगितला आहे. तात्पर्य, जगातल्या सर्वांत मोठ्या शोधयंत्राचा पाया हा तळटीप आहे. आपण ज्या तळटिपा विद्यार्थ्यांकडून आग्रहाने लिहवून घेतो आणि विद्यार्थी ज्या नाइलाजाने लिहितात, त्याच तळटिपा.

दुव्याची आणखी एक बाजू आहे. दुवा ज्या शब्दांवर दिलेला असतो ते शब्दही यंत्र वाचते आणि पलीकडच्या पानाचे वर्णन म्हणून धरते. याचा विनोदी प्रत्यय २००३ च्या अखेरीस आला. ‘दयनीय अपयश’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द गूगलवर शोधले असता पहिल्या क्रमांकावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे व्हाइट हाउसने प्रसिद्ध केलेले अधिकृत चरित्र येऊ लागले. त्या चरित्रात हे शब्द कोठेही नव्हते. अनेकांनी ठरवून त्या शब्दांवर त्या पानाचा दुवा दिला होता, एवढेच. गूगलने जानेवारी २००७ मध्ये अल्गोरिदममध्ये बदल करून हा खेळ थांबवला. गंमत सोडून दिली तरी त्यातला धडा उरतो. इतर लोक आपल्याला कोणत्या नावाने हाक मारतात, यावरून यंत्र आपल्याला ओळखते.

शिफारशीला किंमत आली की शिफारशीचा बाजार भरतो. दुवे विकले जाऊ लागले, ‘तू मला दे, मी तुला देतो’ असे सौदे होऊ लागले. केवळ एकमेकांना दुवे देण्यासाठीच उभारलेल्या निर्जीव पानांची शेकडो शेते पिकू लागली. वाचकांच्या प्रतिक्रियांच्या जागेत औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींचे दुवे चिकटवले जाऊ लागले, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ज्या दुव्यावर ही खूण आहे तो वाचकासाठी, शिफारस म्हणून धरू नये, असा तिचा अर्थ. इंग्रजी विकिपीडियाने २००७ मध्ये आपल्या लेखांतून बाहेर जाणाऱ्या सर्व दुव्यांना ती लावली. २०११ साली न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले, की जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे पान कपड्यांपासून अंथरुणांपर्यंत अनेक शोधांत अव्वल येत आहे आणि त्यामागे असंबद्ध स्थळांवर पेरलेले हजारो दुवे आहेत. कंपनीने आपल्याला याची कल्पना नसल्याचे सांगितले. गूगलने तिला खाली ढकलले. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला गेलेला बदल आला आणि कृत्रिम दुव्यांवर उभी असलेली असंख्य पाने कोसळली. पानाचे वजन शून्य ते दहा अशा अंकांत सर्वांना दाखवणारी गूगलची पट्टी २०१६ मध्ये बंद झाली. तो अंक दिसत होता तोवर त्याच्यावरून दुव्याचा भाव ठरत असे.

तरीही बाजार उठलेला नाही. प्रतिष्ठित वृत्तपत्राच्या स्थळावर कोपरा भाड्याने घेऊन तेथे कर्जाची किंवा सवलतीच्या कुपनांची पाने लावायची, आणि मूळ स्थळाच्या पुण्याईवर ती वर चढवायची, हा प्रकार इतका बोकाळला की गूगलला मार्च २०२४ मध्ये त्याविरुद्ध वेगळा नियम करावा लागला.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंबंधी एक विचार मांडला होता. त्याचा सर्वसाधारण आशय असा, की मोजमाप हेच उद्दिष्ट बनले की ते मोजमाप म्हणून निकामी होते. आम्हां अध्यापकांना याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांना गुण ठेवले. गुण आले तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. त्यांना आवर घालण्यासाठी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली. २०१८ मध्ये तिच्यातून चार हजारांहून अधिक नावे वगळावी लागली. मग ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. दुव्यांच्या बाजाराची कथा आणि ही कथा एकच आहे. दोन्हीकडे एक प्रामाणिक कृती (मी हे वाचले, मला ते उपयोगी पडले, तुम्हीही पाहा) मोजली जाऊ लागली, आणि मोजली जाऊ लागताच तिची नक्कल करणे फायद्याचे ठरले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की दुव्यांवर क्रम ठरवणे हेच मुळात चूक. एक आक्षेप तर खरोखर गंभीर आहे. ज्याच्याकडे आधीच दुवे आहेत तो वर दिसतो, वर दिसतो म्हणून त्याला आणखी दुवे मिळतात. बळी तो कान पिळी. दुसरा आक्षेप असा, की यंत्राला स्तुती आणि निंदा यांतला भेद सहजी कळत नाही. २०१० साली ब्रुकलिनमधल्या एका चष्मेविक्रेत्याने न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराला चक्क बढाई मारून सांगितले होते, की संतापलेल्या गिऱ्हाइकांनी ठिकठिकाणी केलेल्या तक्रारींमुळे आपले दुकान शोधात वर येते. त्या बातमीनंतर काही दिवसांतच गूगलने अल्गोरिदममध्ये दुरुस्ती केल्याचे जाहीर केले. हे दोन्ही दोष आम्हांला मान्य आहेत. आज क्रम ठरवताना शोधयंत्र दुव्यांखेरीज इतर अनेक गोष्टी पाहते, हेही खरे. पण पर्याय कोणता? पानाच्या स्वतःच्या बोलण्यावर विश्वास ठेवून पाहिला, त्याची गत वर सांगितली आहे. कोणा संपादकमंडळाने सगळे आंतरजाल वाचून प्रतवारी लावणे अशक्य. एका माणसाने दुसऱ्याच्या लेखनाला विचारपूर्वक दिलेली पावती, याहून भरवशाचा पुरावा अद्याप सापडलेला नाही. नकली नाणी चालतात ती खऱ्या नाण्याला मोल असते म्हणूनच.

आता मराठीकडे वळू. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रे आणि संस्था आपापल्या खासगी फॉन्टांत पाने तयार करीत. डोळ्यांना देवनागरी दिसे, आतमध्ये मात्र रोमन अक्षरांची निरर्थक रास असे. शोधयंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच. ती अडचण आता गेली. आज मराठीत मजकूर विपुल आहे. परंतु विद्यार्थ्याने एखाद्या कवीचे नाव मोबाइलवर शोधले की पुष्कळदा वर येते ते ‘स्वाध्याय’ छापाच्या तयार उत्तरांचे पान, किंवा दहा ठिकाणी उतरवून घेतलेला तोच तो जीवनपट. त्या कवीवर कोणीतरी चार वर्षे खपून लिहिलेला लेख कुठेतरी असतो, पण त्याच्याकडे जाणारी वाट कोणी पाडलेली नसते.

वाट का पडत नाही? आमच्या मते याची तीन कारणे आहेत. पहिले, आपली शिफारस करण्याची सारी ऊर्जा बंद दारांआड खर्च होते. व्हॉट्सॲपवर लाखो मराठी माणसे रोज एकमेकांना ‘वाचा’ म्हणून काही ना काही पाठवतात. पण ते खासगी संदेश शोधयंत्र वाचू शकत नाही. फेसबुकवरचा पुष्कळसा मजकूर खाते उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि तेथून बाहेर जाणाऱ्या दुव्यांवर नोफॉलोची खूण असते. म्हणजे शिफारस होते, पण ती कोणाच्याही खात्यावर जमा होत नाही. दुसरे कारण त्याहून जुने आहे. दुसऱ्याचे नाव घेण्याची आपल्याला कंजुषी आहे. ‘एका समीक्षकाने म्हटले आहे’, ‘एका दैनिकात आले आहे’, ही आपली वाक्ये. छापील पानावर ते खपून गेले. आंतरजालावर मात्र नाव आणि दुवा गाळणे म्हणजे मूळ लेखकाचा हिस्सा परस्पर खाणे होय. मजकूर दहा जागी उतरवला जातो तेव्हा त्यांतले मूळ कोणते हे ठरवताना यंत्रालाही दुव्यांची मदत होते. तो न देणारा माणूस चोराला साव ठरवण्यास हातभार लावतो. तिसरे कारण सवयीचे. दुवा दिलाच तर तो ‘येथे टिचकी मारा’ या शब्दांवर. पलीकडे केशवसुतांवरचा लेख आहे की बटाटेवड्याची कृती, हे त्या शब्दांवरून यंत्राला तर कळत नाहीच, वाचकालाही कळत नाही.

आपली परंपरा मात्र अशी नव्हती. ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या अखेरीस आपण व्यासांच्या मागावरून आणि भाष्यकारांना वाट विचारीत आलो, असा निर्देश केला, गुरुपरंपरा सांगितली. तिथे त्यांचा मोठेपणा कमी झाला नाही. ज्याच्यापाशी स्वतःचे काही आहे त्याला दुसऱ्याचे नाव घेण्याची भीती वाटत नाही.

‘आम्ही लिहितो, वर-खाली होणे यंत्राचे काम,’ ही उदासीनता उदात्त वाटते खरी. परंतु लेखन वाचकापर्यंत पोहोचण्याची चिंता वाहणारे ग्रंथपाल, सूचिकार, संपादक यांना आपण कधी हलके मानले नाही. शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा त्यांनी हजारो लेखकांना वाचकांशी सांधले. आज त्या कामाचा एक लहानसा हिस्सा, इच्छा असो वा नसो, प्रत्येक लिहिणाऱ्याच्या वाट्याला आला आहे. शोधाच्या वरच्या बाजूस आता यंत्राने तयार केलेला उत्तराचा सारांश दिसू लागला आहे. गूगलने तो २०२४ मध्ये भारतातही सुरू केला. वाचक पान उघडीलच याची शाश्वती त्यामुळे आणखी कमी झाली. पण तो सारांशही शोधात सापडणाऱ्या पानांवरूनच बनतो. वर असलेली पाने तीच ती उतरवलेली असतील, तर त्यांचा अर्कही तसाच निघणार.

म्हणून आमचा आग्रह साधा आहे. ज्याचे वाचून लिहिले त्याचा दुवा द्यावा, आणि तो त्याच्या नावावर किंवा लेखाच्या विषयावर द्यावा. ज्याचे खंडन करायचे त्याचाही द्यावा, कारण वाचकाला मूळ म्हणणे तपासता आले पाहिजे. त्याला शिफारसीचे वजन मिळू नये असे वाटत असेल तर नोफॉलोची खूण त्यासाठीच आहे. २०१९ पासून गूगल ती आज्ञा न मानता सूचना मानते, एवढे ध्यानात ठेवावे. पैशासाठी दुवा देऊ नये. ‘तुमच्याकडे आमचा पाहुणा लेख छापा, त्यात एक दुवा राहू द्या’ अशी पत्रे आली तर ती टोपलीत टाकावीत. मित्राला केवळ मित्र म्हणूनही देऊ नये. आणि जे चांगले वाचले ते समूहात पाठवून झाल्यावर एकदा उघड्यावर, आपल्या नावानिशी, त्याविषयी चार ओळी लिहून त्यांत त्याचा दुवा ठेवावा.

एवढ्याने बाजार बंद पडणार नाही, हे आम्ही जाणतो. इंग्रजीच्या महापुरात चार प्रामाणिक दुव्यांनी काही हलणार नाही. मराठीत मात्र आज एखाद्या लेखाला वजनदार ठिकाणांहून चार-पाच दुवे मिळणे हीही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि म्हणूनच येथे तेवढ्यानेही फरक पडू शकतो. मराठीतल्या किती चांगल्या लेखांना त्यांच्या वाचकांनी असे चार दुवे दिले आहेत, हे वाचकांनी स्वतःच शोधून पाहावे.